एक काना जास्त

पहिली गोष्ट ही की काटेबाईंनी गाडी बंद पाडली नव्हती. ती बंद पडली होती. पडली आणि पाडली यांत फक्त एका कान्याचा फरक आहे, आणि त्या एका कान्यापायी एका अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली गेली. हे आधी नीट डोक्यात घ्या, बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

काटेबाई हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते बाजारानं ठेवलं. बाईंनी एकतीस वर्षं वजनमापं तपासायची नोकरी केली. खांद्याला चामड्याची पेटी, पेटीत पितळी वजनं, आणि त्या दुकानात शिरल्या की दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळायचं. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोखरलेलं वजन, मेण लावलेली साखळी, सगळं त्यांनी पाहिलेलं. लाच सोडाच, कोणाच्या दुकानात त्यांनी चहासुद्धा घेतला नाही, त्यामुळे बाजारात त्यांच्याबद्दल बरं बोलणारा माणूस शोधूनच काढावा लागायचा. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी रिकामा काटा बघायचा, शून्यावर आहे का. मग वजन एकेक चढवायचं आणि दर वेळी काटा बघायचा. मग उलट क्रमानं एकेक उतरवायचं. एका वेळी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत, आणि काही सापडलं तरी पंच येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. काटा आपणहून खोटं बोलत नाही, त्याला कोणीतरी बोलायला लावतं, असं त्या खात्यात नव्यानं आलेल्यांना सांगत.

अशा बाईला पोटच्या पोरानं जोखलं, आणि तेही खोट्या मापानं. राग येणार नाही तर काय होईल?

गाडी चौदा वर्षांची होती, लहानशी, राखाडी. ती कशाला लागायची ते सांगतो. काटेबाईंची धाकटी बहीण टेकडीवरच्या शुश्रूषागृहात असते. तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, आणि बोलणं गेलं ते तीन शब्द सोडून: आली, नको आणि लबाड. यातला तिसरा शब्द पत्त्यांसाठी. दर बुधवारी दुपारी काटेबाई गाडी काढायच्या, पस्तीस किलोमीटर चढण चढून जायच्या, आणि दोघी खिडकीपाशी बसून पत्ते खेळायच्या. पान मांडीखाली लपवायची खोड धाकटीला लहानपणापासूनच. झटक्यानं एवढं नेलं, पण ती खोड काही नेली नाही. पान लपवायची ती, आणि काटेबाई जिंकल्या की वर त्यांनाच म्हणायची, "लबाड." टेकडीवर बस जात नाही. टॅक्सीवाले नेऊन सोडतात, पण परतीसाठी थांबत नाहीत. म्हणजे गाडी गेली की बुधवार गेला, इतका सरळ हिशेब होता.

पाचेक महिन्यांपूर्वी गाडी बंद पडायला लागली. जाताना कधीच नाही. येताना, संध्याकाळी. टेकडी उतरली, पहिल्या सिग्नलला थांबलं, वळायचा इंडिकेटर लावला, की इंजिन दोनदा कण्हायचं आणि गप्प. किल्ली फिरवली की पुन्हा चालू. त्याच्या आधी तापमानाचा काटा वर चढलेला असायचा, लाल खुणेपर्यंत. काटेबाईंच्या नजरेतून काटा सुटेल का? दुसऱ्याच खेपेला त्या गॅरेजमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "तापमानाचा काटा चढतो आणि गाडी बंद पडते. दोन्हीचा संबंध आहे."

गॅरेजवाला हसला. त्यानं थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटरमधलं पाणी बदललं, आणि काटा थोडा वर-खाली होतोच म्हणाला. पुढच्या बुधवारी गाडी पुन्हा त्याच जागी बंद. दुसऱ्या वेळी बाईंबरोबर मुलगा गेला. आता हे ऐकून घ्या. गॅरेजवाल्यानं गाडीला कॉम्प्युटर लावला, दुपारच्या लख्ख उन्हात तासभर इंजिन चालू ठेवलं, आणि मग काटेबाई तिथे हातभर अंतरावर उभ्या असताना तो त्यांच्या मुलाला म्हणाला, "साहेब, गाडीत काही नाही. कॉम्प्युटरला एकही फॉल्ट दिसत नाही. बाईंना सांगा, क्लच जरा सावकाश सोडा म्हणावं."

बाईंना सांगा. बाई बहिऱ्या होत्या का? बत्तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या बाईला क्लच शिकवणारा हा, आणि तोही दुसऱ्याच्या तोंडून. काटेबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्यांनी मुलाकडे बघितलं. त्यांना वाटलं होतं मुलगा काहीतरी बोलेल. मुलगा म्हणाला, "सांगतो."

मुलगा वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं. एक्केचाळीस वर्षांचा, विमा कंपनीत, घरच्या कामाची हौस असलेला. बाप गेला त्याला चार वर्षं झाली, आणि मुलगा हुबेहूब त्याच्यावर गेलाय. बापाला रंगकामाचं वेड. एकदा डबा उघडला की तो संपेपर्यंत हात थांबायचा नाही. गेट झालं की शिडी, शिडी झाली की कुंड्या, मग हातोडीचा दांडा. मुलानंही यंदा सुट्टीत गेटला हिरवा रंग दिला, आणि डब्यात थोडा उरला म्हणून अंगणातला नळाचा पाइप, टपालपेटी आणि कपड्यांच्या दोरीचे दोन्ही खांब हिरवे करून टाकले. नीटनेटका माणूस. आईची काळजीही तो तशीच नीटनेटकी करत होता, आणि दुखणं तिथेच होतं.

शाळेजवळच्या चौकात एका संध्याकाळी गाडी भर रस्त्यात बंद पडली, मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला, आणि नेमका तिथे मुलाच्या ऑफिसातला कोणीतरी उभा. त्यानं लगेच फोन केला. घरी आल्यावर मुलानं हात पुढे केला आणि म्हणाला, "आई, किल्ली."

"का?"

"संध्याकाळी तू थकतेस. पाय नीट पडत नाही. उद्या काही झालं तर?"

"पायाचा काही संबंध नाही. गाडीत दोष आहे."

"गॅरेजवाल्यानं तपासली ना? कॉम्प्युटर खोटं बोलेल का?"

"काय विचारलं त्याला, त्यावर आहे," काटेबाई म्हणाल्या. पण किल्ली गेली. मुलानं ती आपल्या जुडग्यात अडकवली आणि म्हणाला की महिन्यातून एकदा, रविवारी, तो स्वतः आईला मावशीकडे नेत जाईल. महिन्यातून एकदा. जसं काही मावशी म्हणजे दाढेची तपासणी.

पुढचा बुधवार गाडीशिवाय गेला. शुश्रूषागृहातल्या सिस्टरनं गुरुवारी फोन करून सांगितलं की बहीणबाई अंधार पडेपर्यंत खिडकीशी बसून होत्या, पत्ते मांडीवर ठेवून, आणि जेवायला बोलावलं की "नको" म्हणत होत्या. काटेबाईंनी फोन ठेवला. शुक्रवारी मुलानं सांगितलं की गाडीला गिऱ्हाईक मिळालंय, रविवारी सकाळी दहाला येणार आहे.

त्याच संध्याकाळी सून स्वयंपाकघरात आली. ती शाळेत गणित शिकवते, बोलते कमी. तिनं आपला मोबाईल सासूच्या हातात दिला. "आई, हे तुम्ही वाचलेलं बरं. यांनी मला पाठवलंय, डॉक्टरांना दाखवायला. मागाहून कळलं असतं तर तुम्ही मला माफ केलं नसतं."

यादी होती. वर मथळा, 'आई'. खाली तारीख, वेळ आणि नोंद, सगळं अगदी टापटीप. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. दूध उतू गेलं. शेजारणीचं नाव आठवेना. तेच दोनदा विचारलं. दाराला कुलूप लावायला विसरली. आणि मग एकाखाली एक सात वेळा: गाडी बंद पाडली. गाडी बंद पाडली. गाडी बंद पाडली.

काटेबाईंनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. चष्मा फ्रिजमध्ये होता, ते खरं. दूध उतू गेलं तेही खरं, पण तेव्हा ह्याचाच फोन आला होता आणि हाच वीस मिनिटं बोलत होता, ते कुठे लिहिलंय? आणि पाडली? हा कुठे होता तेव्हा? त्यानं पाहिलं होतं का पाडताना? पोटचा पोरगा समोर बसून जेवतो, "आई, वाढ ना" म्हणतो, आणि टेबलाखाली मोबाईलवर आपली चूक टिपून घेतो. एकतीस वर्षांत त्यांनी शेकडो लोकांवर नोंदी केल्या होत्या, पण माणसाच्या तोंडावर, त्याला वाचून दाखवून, त्याची सही घेऊन. असं पाठीमागून कोणाचं माप त्यांनी कधी काढलं नव्हतं. त्यांना रडू आलं ते रागाचं आलं, आणि त्याचा त्यांना आणखी राग आला.

मग त्यांनी डोळे पुसले आणि यादी पुन्हा वाचली, या वेळी खात्यातल्या नजरेनं. सात नोंदी. सातही संध्याकाळी साडेपाचच्या पुढच्या. दुपारची एकही नाही. मुलानं वेळा इतक्या चोख लिहिल्या होत्या की शंकेला जागाच नव्हती. त्या वेळांवरून त्यानं ठरवलं की आई संध्याकाळी थकते. काटेबाईंनी स्वतःला विचारलं, संध्याकाळी माझ्याखेरीज आणखी काय बदलतं? टेकडीवर संध्याकाळी धुकं उतरतं. मग हेडलाइट लावावे लागतात. काच धूसर होते म्हणून ब्लोअर, ओली होते म्हणून वायपर. गॅरेजवाल्यानं दुपारच्या उन्हात गाडी तपासली होती, तेव्हा यातलं एक तरी चालू होतं का?

"दुसरी किल्ली कुठे असते गं?" त्यांनी विचारलं.

"दिवाणखान्यातल्या ड्रॉवरमध्ये, डावीकडे," सून म्हणाली. "मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही."

शनिवारी मुलाचं ऑफिस दुपारी दोनपर्यंत. तो गेल्यावर काटेबाई अंगणात उतरल्या. गाडी गेटच्या बाहेर काढायची नाही, हे त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं. चोरून काही करायचं नव्हतं. चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, गियर न्यूट्रलला, आणि इंजिन चालू करून चांगलं गरम होऊ दिलं. सगळे दिवे, पंखे बंद. तापमानाचा काटा मधोमध येऊन थांबला. हे झालं शून्य. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीवर त्यांनी ते लिहून घेतलं.

मग पहिलं वजन. हेडलाइट लावले. काटा लगेच दोन रेघा वर. ब्लोअर लावला, आणखी दोन. वायपर लावला, काटा लाल खुणेच्या खाली येऊन थरथरायला लागला आणि पेट्रोलचा काटा थोडा खाली बसला. आता एकेक उतरवायचं. वायपर बंद, काटा खाली. ब्लोअर बंद, आणखी खाली. हेडलाइट बंद, पुन्हा मधोमध. काटेबाईंना खरं तर तिथेच हसू यायला हवं होतं, पण आला तो संताप. पाणी काय चुटकीसरशी तापतं आणि चुटकीसरशी निवतं? एवढीशी गोष्ट त्या गॅरेजवाल्याला सुचू नये? काटा पाण्याबद्दल काही बोलतच नव्हता. तो विजेबद्दल बोलत होता, आणि पाच महिने कोणी ऐकत नव्हतं.

शेवटी इंडिकेटर लावला. टिक टिक टिक, आणि प्रत्येक टिकीला काटा नाचायला लागला. हा नाच त्यांनी आधी पाहिला होता. खूप वर्षांपूर्वी एका खाटकाच्या दुकानात नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला होता आणि मागचा फ्रिज चालू झाला की रिकाम्या काट्यावर चाळीस ग्रॅम उमटायचे. सगळे म्हणाले खाटीक लबाड. काटेबाईंनी तीन दिवस घालवून शोधलं की अर्थिंगची तार सुटलेली आहे. परत जायचा रस्ता नसला की वीज भलत्याच वाटेनं जाते आणि जाता जाता काट्याला धक्का देऊन जाते. खाटकाची सुटका झाली होती. आता स्वतःची करायची होती.

गाडीच्या डिकीत बॅटरी बसली तर वापरायची जंपर केबल होती. काटेबाईंनी सगळे दिवे, पंखे पुन्हा लावले, बॉनेट उघडलं, आणि काळ्या केबलचा एक चिमटा बॅटरीच्या मायनस टोकाला आणि दुसरा गाडीच्या अंगावरच्या एका उघड्या लोखंडी बोल्टला लावला. इंजिनाचा आवाज एकदम सुधारला. आत वाकून पाहिलं तर काटा मधोमध. चिमटा काढला, काटा वर. लावला, खाली. त्यांनी हे पाच वेळा केलं. पाचव्या वेळेची गरज नव्हती, पण पाच महिने ऐकून घेतलं होतं.

म्हणजे बॅटरीपासून गाडीच्या अंगाला जाणारी तार नीट लागलेली नाही. त्यांनी बोटानं तिचा माग काढला. बॅटरी ज्या पत्र्यावर बसते त्याच्या खालच्या अंगाला ती एका बोल्टखाली जात होती. बोल्ट घट्ट होता. पण त्याच्या भोवतीचा पत्रा, तारेच्या टोकाखाली जाईपर्यंत, हिरवा होता.

काटेबाईंनी मान वर करून गेटकडे पाहिलं. मग टपालपेटीकडे. मग त्या पायरीवर जाऊन बसल्या.

त्यांना आठवलं. गेट रंगवलं त्याच आठवड्यात मुलानं नवी बॅटरी बसवली होती, आणि जेवताना म्हणाला होता, "आई, बॅटरीखाली गंज धरला होता, मी साफ करून मस्त रंगवून टाकलाय." त्या म्हणाल्या होत्या, शहाणं माझं बाळ. बापासारखाच, डबा संपेपर्यंत थांबला नव्हता. तार सोडवून, बोल्टखालची जागासुद्धा रंगवून, वाळवून, बोल्ट परत बसवून मोकळा. आणि मग स्वतःच ते साफ विसरला, आणि मोबाईल काढून आईचं विसरणं लिहीत बसला.

हात शिवशिवत होते, पण त्यांनी बोल्टला पाना लावला नाही. पंच यायचे होते. त्यांनी गॅरेजमध्ये फोन केला. "अडीच वाजता या. कॉम्प्युटर नाही आणलात तरी चालेल."

मुलगा आला तेव्हा अंगणात गाडी चालू, बॉनेट उघडं आणि आई शेजारी फरशी पुसायचा दांडा घेऊन उभी. गॅरेजवाला स्कूटरवरून उतरत होता. मुलाचा चेहरा उतरला. "आई, काय चाललंय हे? कोणी दिली किल्ली?"

"घरच्या ड्रॉवरनं दिली," सून दारातून म्हणाली.

"गाडी गेटबाहेर गेलेली नाही," काटेबाई म्हणाल्या. "दोघं इथे उभे राहा आणि बघा. बोलायचं नंतर."

त्यांनी हेडलाइट लावले, ब्लोअर लावला, वायपर लावला, इंडिकेटर लावला. काटा लाल खुणेवर नाचायला लागला. मग त्यांनी दांड्याचं एक टोक ब्रेकवर आणि दुसरं सीटला अडकवलं, म्हणजे मागचे दिवेही लागले, आणि त्या गाडीबाहेर येऊन दार लावून उभ्या राहिल्या. इंजिन एकदा कण्हलं. दुसऱ्यांदा कण्हलं. आणि गप्प झालं. अंगणात फक्त इंडिकेटरची टिकटिक राहिली.

सीट रिकामी होती. तिघंही त्या रिकाम्या सीटकडे बघत होते.

"क्लच कोणी सोडला?" काटेबाईंनी गॅरेजवाल्याला विचारलं. "सांगा ना त्याला, सावकाश सोड म्हणावं."

काटेबाईंनी केबल लावून दाखवली, काढून दाखवली. मग दहा नंबरचा पाना त्याच्या हातात दिला. त्यानं बोल्ट खोलला, तारेचं टोक बाजूला केलं, बोटानं पत्रा चाचपला आणि मान हलवत म्हणाला, "अहो, इथे अर्थिंगखालीच ऑइलपेंट फासलाय. वीज जाणार कुठून? कोणत्या शहाण्यानं केलंय हे?"

गॅरेजवाल्यानं वर पाहिलं, तर समोर हिरवं गेट, हिरवा पाइप, हिरवे खांब. तो पटकन खाली वाकला आणि पॉलिश पेपरनं पत्रा घासायला लागला. पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासला, टोक घासलं, बोल्ट आवळला. इंजिन चालू केलं, सगळे दिवे लावले. काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला. जाताना तो म्हणाला, "बाई, चुकलं माझं." निदान या वेळी तो बाईंशी बोलला.

मुलगा गेटला टेकून उभा होता. त्याच्या हातात अजून ऑफिसची बॅग होती.

"मोबाईल काढ," काटेबाई म्हणाल्या.

"आई..."

"ती यादी काढ. मी वाचलीये. पुसून टाकायची नाही. चुकीची नोंद कोणी खोडत नाही, ती दुरुस्त करतात. सात ठिकाणी पाडली लिहिलंयस. काना काढ."

तो तिथेच उभा राहून एकेक काना काढत बसला. पाडलीचं पडली. सात वेळा. काटेबाई शेजारी उभ्या राहून मोजत होत्या, आणि एकीत तो चुकला तेव्हा त्यांनी बोट दाखवलं.

"आता खाली नवी लिही. बोल्ट रंगवला. तारीख घाल. पुढे लिही, विसरला. वय एक्केचाळीस."

त्यानं लिहिलं. मग तो हळूच म्हणाला, "आई, मी खरंच विसरलो होतो गं. मुद्दाम नाही."

"मला माहीत आहे," काटेबाई म्हणाल्या. "विसरतात माणसं. मी विसरते, तू विसरतोस, तुझा बाप लग्नाची तारीख विसरायचा. पण तू विसरलास तर तो कामाचा व्याप झाला, आणि मी विसरले तर तो आजार झाला? यादी फक्त माझीच का केलीस?"

त्यानं खिशातून जुडगा काढला. किल्ली कडीत घट्ट बसली होती, काढताना त्याचं नख तुटलं. मग त्यानं गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की गाडी विकायची नाही.

काटेबाईंनी घड्याळ पाहिलं. चार वाजायला आले होते. "बस," त्या म्हणाल्या. "डावीकडे. परत येताना अंधार असेल, धुकं असेल, मी थकलेली असेन. सगळं तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

चढणीवर तो दोनदा पाय फरशीवर दाबून बसला, जणू ब्रेक त्याच्याच बाजूला होता. "पाय वर घे," काटेबाई म्हणाल्या. त्यानं घेतले. त्यांनी दिवसाउजेडी हेडलाइट लावले होते, ब्लोअर, वायपर, सगळं. कोरड्या काचेवर वायपर करकरत होता आणि काटा हलत नव्हता.

धाकटी खिडकीशीच होती. शनिवार असूनही तिनं मोटारीचा आवाज ओळखला असावा, कारण दार उघडायच्या आत आतून आवाज आला, "आली."

पत्ते वाटता वाटता काटेबाईंनी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, अर्थिंगसकट, यादीसकट. मागचा बुधवार का चुकला तेही सांगितलं. मुलगा पलंगाच्या कडेवर मान खाली घालून बसला होता. धाकटीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिनं डावा हात उचलला, भाच्याकडे बोट केलं आणि स्पष्ट म्हणाली, "लबाड."

तो हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. त्यानं डोळ्यांवरून मनगट फिरवलं.

काटेबाईंचा राग अजून उतरला नव्हता, आणि इतक्यात उतरवायचा त्यांचा विचारही नव्हता. त्यांनी तिसऱ्याचीही पानं वाटली आणि मुलाला म्हणाल्या, "उचल. आणि मावशीच्या मांडीकडे लक्ष ठेव."